आधी डबी कुणाची?

एका वाचकाने विचारले आहे, "डॉक्टर, तंबाखू सोडायचे दरवर्षी ठरवतो, पण मन खंबीर राहत नाही. काय करावे?" उत्तराआधी माझीच गोष्ट सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, ही तक्रार. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. दिवसातून चार वेळा मशेरी लावायची सवय. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. असा चट्टा पुढे कर्करोगात बदलू शकतो, हे मी नेहमीच्या दरडावणीच्या सुरात ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या शर्टाकडे बोट दाखवले.

"अवं डॉक्टर, तुमच्या खिशातली डबी कवा टाकताय?"

पातळ कापडाच्या खिशातून चुना-तंबाखूची डबी स्वच्छ दिसत होती. कंपाउंडर गालात हसला. (त्याच्याही गालात तंबाखूच होती, ते वेगळे.)

"दोघेही आजच टाकू," मी म्हणालो. चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत त्यांना झोप नव्हती आणि तलफेमुळे मलाही नव्हती. चिडचिड, डोके जड, कशात लक्ष नाही. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोराची असते, पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, हे पुस्तकात वाचले होते. तेवढी मिनिटे काढायला मी पाणी प्यायचो, बडीशेप चघळायचो, पुढच्या रुग्णाला लगेच आत बोलवायचो. मन खंबीर होण्याची वाट पाहिली नाही. घरात आणि दवाखान्यात डबीच ठेवली नाही. तरी एका लग्नात पंगतीनंतर चुकलोच. पुढच्या भेटीत मावशींना तसे सांगून टाकले. त्यावर त्या म्हणाल्या, "मी बी सोमवारी लावली व्हती." मी लपवले असते, तर त्यांनीही लपवले असते.

अहवालात कर्करोग निघाला नाही. चट्ट्यावर लक्ष मात्र ठेवावेच लागते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामाचे मर्म मला त्यानंतर नीट उमगले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पण शेजारीण स्वतःच्या लेकराला जे करते, ते आई डोळ्यांनी पाहते. आमच्या पदवीच्या पाटीला ते वजन नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सामाजिक नेतृत्वासाठी.

तेव्हा, वाचकमित्रा, तारीख ठरवा, डबी घराबाहेर काढा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा. चुकलात तर त्यालाही सांगा. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत दूरध्वनीवर सल्ला मिळतो. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर मात्र तलफेचा हिशेब बाजूला ठेवून आधी तपासून घ्या.

मावशी गेल्या महिन्यात तपासणीला आल्या, त्या बचत गटातल्या दोघींना घेऊनच. दोघींनी मशेरीच्या डब्या माझ्या टेबलावर ठेवल्या. कंपाउंडरने त्या उचलून बाहेर टाकल्या. त्याची स्वतःची अजून खिशातच आहे. मावशींनी ती पाहिली आहे.