अनसिंगचा इतिहास कोणीं लिहावा?

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या सडकेवर अनसिंग नांवाचें गांव आहे. पुण्यामुंबईच्या वाचकांस तें ठाऊक नसल्यास नवल नाहीं. परंतु ज्यांचा माल याच सडकेनें जातो-येतो, त्या आमच्या व्यापारी बंधूंसही या गांवाच्या पूर्ववृत्ताविषयीं विचारलें असतां 'तेथें काय आहे?' असा उलट प्रश्न ऐकूं यावा, हें आम्हांस चिंतेचें वाटतें. हा मुलूख विरळ वस्तीचा खरा. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्राची वस्ती दर चौरस किलोमीटरास ३६५ भरली, तर वाशीम जिल्ह्याची अवघी २४४. पण वस्ती विरळ म्हणून इतिहासही विरळ, असा हिशेब कोणत्या वहींत बसतो?

अनसिंगास शृंगऋषीचें देऊळ आहे, आणि गांवाचें नांवही त्या ऋषीवरूनच पडलें असें गांवकरी सांगतात. ऋष्यशृंगाची कथा सर्वश्रुतच आहे. अंगदेशीं अवर्षण पडलें. रोमपाद राजानें या अरण्यवासी मुनिपुत्रास युक्तीनें आणविलें. आणि त्याचें पाऊल लागतांच पर्जन्य झाला. आतां हाच ऋषि कर्नाटकांत शृंगेरीजवळ किग्गा येथेंही आहे व बिहारांत सिंहेश्वर येथेंही त्याचें स्थान दाखवितात. तेव्हां या कथेवरून गांवाचा काळ ठरवूं पाहणें व्यर्थ होय. मात्र आमचे कांहीं सुधारक मित्र अशा कथांची थट्टा करून मोकळे होतात, तेंही आम्हांस पसंत नाहीं. आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखांत पाऊस आणणाऱ्या ऋषीची कथा रुजावी, यांत त्या मुलखाचा खरा इतिहासच बोलत असतो. तो ऐकण्यास कान मात्र निराळे लागतात.

श्रद्धेनें राखलेली आठवण आणि पुराव्यानें सिद्ध झालेला इतिहास यांतील अंतर पाहावयाचें तर लांब जाण्याचें कारण नाहीं. वाशीम हें वत्स ऋषीचें क्षेत्र, असें वत्सगुल्ममाहात्म्य सांगतें. वैदर्भी रीतीस प्राकृतांत 'वच्छोमी' म्हणत, तें या वत्सगुल्मावरूनच. परंतु येथें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हें निश्चित झालें तें वाशीमास सांपडलेल्या ताम्रपटावरून. तो १९३९ मध्यें प्रसिद्धीस आला. राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या ३७ व्या राज्यवर्षीं दिलेलें हें दानपत्र वत्सगुल्म येथूनच निघालेलें आहे. त्यांतील वंशावळ संस्कृतांत व बाकीचा बराच मजकूर प्राकृतांत आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील वराहदेवाचा लेख झिजलेला असल्यानें मोठमोठ्या विद्वानांनीं त्यांतील राजांचीं नांवें चुकीचीं वाचलीं होतीं. वाशीमच्या पत्र्यांनीं पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ति हे समोर आणले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांस तें वाचन दुरुस्त करतां आलें. चार तांब्याच्या पत्र्यांनीं अजिंठ्याचा दगड वाचून दाखविला!

हा ताम्रपट प्रसिद्ध करणाऱ्यांत यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे होते. ते व्यवसायानें वकील. यवतमाळचा शारदाश्रम त्यांच्याच श्रमांतून उभा राहिला. सरकारी अधिकार नसलेला एक गृहस्थ एवढें करूं शकला, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण गांवोगांवच्या स्थळांची नोंद हें सरकारचें काम, अशी आपली समजूत झाली आहे. लायलसाहेबांचें ग्याझेटियर १८७० चें. ब्राऊन व नेल्सन यांचें अकोला जिल्ह्याचें १९१० चें. त्यापूर्वीं १९०५ मध्यें वाशीम जिल्हा मोडून वाशीमचा भाग अकोल्यांत घातला गेला होता, म्हणून वाशीमची हकीकत त्या ग्रंथांत अकोल्याच्या पोटांत गेली. १९९८ मध्यें जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हां जिल्ह्याची कचेरी परत आली. आठवणी मात्र कचेरीबरोबर येत नाहींत. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्या तेथील श्रावकांनीं पिढ्यानपिढ्या राखल्या, म्हणूनच पुढें अपभ्रंश काव्यें छापून निघूं शकलीं.

आतां व्यापारीवर्गास दोन शब्द. नांगराच्या फाळास लागलेला तांब्याचा पत्रा सरकारपेक्षां मोडीच्या तराजूंत आधीं पोंचतो. शेतकऱ्यास भय असतें, कीं कळविलें तर चौकशीचा ससेमिरा लागेल. वस्तुतः १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यांत, सरकारनें अशी वस्तु घेतल्यास धातूच्या किंमतीवर पंचमांश अधिक द्यावा, अशी तरतूद केलेली आहे. पण हें त्यास सांगतो कोण? भांड्यांच्या दुकानदारानें अक्षरें असलेला पत्रा वितळविण्यापूर्वीं शाळामास्तरांस दाखविला, तर त्याचें कांहीं बुडत नाहीं. तीच गोष्ट माळ्यावरच्या मोडी खतावण्यांची. कोणत्या सालीं ज्वारीचा भाव काय होता, छप्पन्नच्या दुष्काळांत उधारी किती थकली, कोणाच्या जमिनी सावकाराकडे गेल्या, हें त्यांत लिहिलेलें आहे. शेवटच्या बाबीमुळेंच त्या वह्या दाखविण्यास कित्येकांस संकोच वाटतो, हें आम्ही जाणतों. तरीही त्या दाखविल्याच पाहिजेत.

शिवाय देवळाची कथा लिहून झाली म्हणजे गांवाचा इतिहास झाला असें नव्हे. ज्यांस त्याच देवळाच्या पायरीबाहेर उभें केलें जाई, त्यांच्याही आठवणी त्या गांवाच्याच आहेत. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ घेऊन या वाटांनीं गेले. त्यांचीं गाणीं बंजारा म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहेत, कागदावर नाहींत. तीं उतरून घेण्यास पैका लागत नाहीं; त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावें मात्र लागतें.

अनसिंगकरांनीं देवळाच्या वर्गणींतील थोडा भाग काढून एक जाड वही घ्यावी, ती शाळेंत ठेवावी, आणि वरच्या वर्गाच्या मुलामुलींस प्रत्येक आळीत व प्रत्येक वाड्यांत पाठवावें. विहिरी, बारव, शेतांतले कोरीव दगड, त्यांचीं गांवांतलीं नांवें, सारें त्यांनीं उतरावें. पुढचा जीर्णोद्धार होईल, तेव्हां जुन्या दगडांवर चुना किंवा तैलरंग चढण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें त्याच वहींत चिकटवावीं.