जहाजातून बेटावर उतरताना पिशवीत काय असावे?

बनशंकरी (बंगळुरू) : दक्षिण बंगळुरूतील बनशंकरीहून समुद्र गाठायचा झाल्यास मंगळुरू किंवा चेन्नई, कोणतीही दिशा धरली तरी रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरातून कोचीमार्गे लक्षद्वीपच्या जहाज सहलीला निघणारी कुटुंबे सामानाची तयारी करतात ती बहुधा जहाजावरील मुक्कामासाठी. बेटावर घालवायच्या दिवसासाठी वेगळी पिशवी लागते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. जहाज खोल पाण्यात नांगरलेले असल्याने केबिनमध्ये विसरलेली वस्तू संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. औषध विसरल्यास हे दुर्लक्ष महागात पडू शकते.

लक्षद्वीपमध्ये एकूण ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. ती कोचीपासून साधारण २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहेत. ‘एम. व्ही. कवरत्ती’ या जहाजाच्या ‘समुद्रम’ सहलीची रचना दिवसा कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय बेटांवर भ्रमंती व रात्री जहाजावर मुक्काम अशी आहे. अशा प्रवासात बेटावरची पिशवी लहान, हलकी आणि पाण्यापासून सुरक्षित असणे आवश्यक ठरते.

होडीत उतरताना हात मोकळे हवेत

कोकणात आगबोटी चालत असत, त्या काळी अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. लक्षद्वीपमध्ये आजही प्रवाळभिंतीमुळे मोठी जहाजे बेटापासून दूर थांबतात व प्रवाशांना लहान होड्यांतून नेले जाते. लाटेवर होडी वरखाली होत असताना पाऊल टाकण्याचा क्षण सर्वाधिक जोखमीचा असतो. त्यामुळे हातात धरायच्या थैलीऐवजी पाठीवर घ्यायची सॅक सोयीची. मोबाइल, कागदपत्रे आणि औषधे जलरोधक पिशवीत, किंवा निदान दुहेरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. पायांत पट्ट्याने घट्ट बसणारी चप्पल किंवा पाण्यात वापरायचे बूट असावेत. होडीत दिलेले लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालावे.

कागदपत्रे आणि पैसे

लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी बाहेरून येणाऱ्या भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो. १९६७ च्या प्रवेश व निवासविषयक नियमांनुसार ही अट आहे. परवान्याची प्रत, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि जहाजाने दिलेले ओळखपत्र या तिन्ही गोष्टी प्रत्येक प्रौढ व्यक्तीने स्वतःजवळ ठेवाव्यात. कुटुंबातील सर्वांची कागदपत्रे एकाच पिशवीत ठेवल्यास ती हरवताच सगळ्यांचीच अडचण होते. मुलांच्या खिशात पालकांचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि जहाजाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी.

कोची ते लक्षद्वीप या समुद्राखालील ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन ३ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि बेटांवरील इंटरनेट जोडणीला बळ मिळाले. तरीही किनाऱ्यावरील प्रत्येक टपरीवर मोबाइलने पैसे देता येतीलच, असे गृहीत धरू नये. शंभर-दोनशेच्या नोटा सोबत ठेवाव्यात. दागिने आणि जास्तीची रोकड जहाजावरच ठेवणे श्रेयस्कर.

ऊन आणि पाणी

बंगळुरूच्या तुलनेने सौम्य हवेची सवय असलेल्यांना बेटावरील दमट उष्णता लवकर थकवते. दमट हवेत घाम सहजी वाळत नाही, त्यामुळे शरीराचे तापमान उतरण्यास वेळ लागतो. समुद्रावरील वाऱ्यामुळे गारवा वाटतो आणि त्वचा भाजत असल्याचे उशिरा लक्षात येते. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि लांब बाह्यांचा सुती सदरा हे पहिले संरक्षण. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचे असावे. ते अतिनील ब किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, मात्र दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते.

सनस्क्रीन निवडताना प्रवाळांचाही विचार हवा. अमेरिकेतील हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे घटक असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून निर्बंध आणले आहेत. झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन हा त्याला पर्याय मानला जातो.

बेटांवर गोडे पाणी मर्यादित आहे. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या पातळ थरावर रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून राहिले आहेत. समुद्राच्या पाण्यापासून दररोज सुमारे एक लाख लिटर पिण्याचे पाणी बनवणारा प्रकल्प कवरत्तीत २००५ मध्ये सुरू झाला, तो याच गरजेपोटी. म्हणून प्रत्येकाने जहाजावरूनच भरलेली किमान एक लिटरची बाटली न्यावी. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत आणि ती पाकिटावर दिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावीत.

औषधांची वेगळी डबी

मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी दिवसभराची औषधे आणि एक जादा मात्रा मूळ वेष्टनासह बरोबर घ्यावी. इन्सुलिन उन्हात राहणार नाही, याची काळजी घ्यावी. बोट लागण्याचा त्रास असल्यास त्यावरील गोळी होडीत बसण्यापूर्वी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. अशा अनेक गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे ती घेतल्यावर पोहायला उतरू नये. जंतुनाशक, कापूस, चिकटपट्टी आणि चिमटा एवढे साहित्य किरकोळ जखमांसाठी पुरते. प्रवाळाने कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने लगेच धुवावी, कारण तिच्यात बारीक कण राहून संसर्ग होऊ शकतो.

काय नेऊ नये, काय आणू नये

लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या बेटांवर दारूबंदी असल्याने मद्य नेऊ नये. स्थानिक समाज बहुसंख्येने मुस्लिम आणि रीतिरिवाज पाळणारा आहे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते ठेवून गावात जाताना अंगभर वस्त्रे घालावीत. त्यासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड आणि एक पातळ टॉवेल पिशवीत हवा. प्लास्टिकच्या थाळ्या, चमचे आणि स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. लहान बेटावर कचऱ्याची विल्हेवाट लावणे कठीण असते. त्यामुळे एक रिकामी पिशवी न्यावी आणि आपला कचरा जहाजावर परत आणावा.

वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलण्याचा मोह महागात पडू शकतो. भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील जीवांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. काही शंख-शिंपले व समुद्रकाकडीही संरक्षित आहेत. २०२४ मध्ये सागरी उष्णतेच्या लाटेमुळे लक्षद्वीपमधील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले होते. आधीच संकटात असलेल्या या प्रवाळांवर पोहताना उभे राहू नये.

परतीची वेळ ध्यानात ठेवावी

बेटावरून परतणारी शेवटची होडी जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी निघते. म्हणून जहाजाची नव्हे, तर त्या होडीची वेळ कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलची बॅटरी संपू शकते, त्यामुळे साधे मनगटी घड्याळ उपयोगी पडते. पॉवर बँक न्यायची असल्यास कोचीच्या विमानात ती चेक-इन सामानात चालत नाही. ती हातातील बॅगेतच ठेवावी लागते.

उतरण्याच्या आदल्या रात्री पिशवी भरून ती एकदा पाठीवर घेऊन पाहावी. ती पाठीवर असताना दोन्ही हात मोकळे राहत नसतील किंवा होडीची पायरी चढणे जड जाणार असेल, तर सामान कमी करावे. पाणी, औषधे आणि ओळखपत्र मात्र कमी करू नये.