दीर्घ व्याधींत मनाची शुश्रूषा

सेवाग्राम आश्रमांत, गांधीजींच्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर, ‘परचुरे कुटी’ नांवाची एक लहानशी झोंपडी आहे. संस्कृताचे व्यासंगी परचुरेशास्त्री 1939 सालीं कुष्ठरोगानें जर्जर होऊन आश्रमाच्या आश्रयास आले, तेव्हां ती त्यांच्यासाठीं उभारण्यांत आली. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत. परंतु शुश्रूषा तेवढ्यावरच थांबली नाहीं. ज्यांच्याजवळ बसण्यासही लोक भीत, त्यांच्याच हातून आश्रमांतील एका विवाहाचें पौरोहित्य करविण्यांत आलें. शास्त्रीबोवा 1945 सालीं निवर्तले. पण ते रोगी असले तरी पंडित आहेत, ही त्यांची ओळख कोणीं हिरावून घेतली नाहीं.

आज वर्धा जिल्ह्यांत अशाच शुश्रूषेची गरज मूत्रपिंडाच्या जुनाट विकारानें पीडलेल्यांस आहे. मूत्रपिंडें जवळजवळ निकामी झालीं म्हणजे रक्तांतील मळ यंत्रानें गाळावा लागतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत व सावंगी येथील आचार्य विनोबा भावे रुग्णालयांत ही डायलिसिसची सोय आहे. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस सुमारें 4 तास रुग्णास यंत्राशीं जखडून पडावें लागतें. घरीं पाणीही मोजून प्यावयाचें. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर घर चाले, तो स्वतःस घराचें ओझें समजूं लागतो.

अशा रुग्णांपैकीं निदान पांचांतील एकास विषण्णतेचा विकार जडतो. थकवा, अरुचि व निद्रानाश हीं लक्षणें दोन्ही विकारांत सारखींच असल्यामुळें ‘हें मूत्रपिंडाचेंच’ असें म्हणून मनाचें दुखणें नजरेआड होतें.

येथें आध्यात्मिक शुश्रूषेचें काम सुरू होतें. ती म्हणजे उपदेश नव्हे. ‘पूर्वकर्माचें फळ’ हे शब्द तर खचलेल्या जिवाला आणखी खालीं लोटतात. ‘दिवस कशाच्या बळावर काढतां?’ एवढें विचारून उत्तर शांतपणें ऐकणें, ही तिची पहिली पायरी. कोणास हरिपाठानें धीर येईल, कोणास नमाजानें, कोणास बुद्धवंदनेनें, तर कोणास निव्वळ मूक सोबतीनें. श्रद्धा रुग्णाची असावी, शुश्रूषकाची नव्हे. दुसरी पायरी म्हणजे रुग्णास पुन्हा उपयोगी करणें: नातवाचा अभ्यास, घरचा हिशेब, शेजाऱ्याचा अर्ज.

मात्र दोन मर्यादा पाळल्याच पाहिजेत. निर्जळी उपवास मूत्रपिंडास घातक ठरूं शकतो. शहाळें, केळें, रताळें यांत पोटॅशियम पुष्कळ असतें, व तें रक्तांत सांचल्यास हृदयाची गति बिघडते. म्हणून व्रत व प्रसाद या दोन्हींस डॉक्टरांची अनुज्ञा हवी. तसेंच ‘आतां डायलिसिस नको’ किंवा ‘जगून काय करायचें’ असे उद्गार निघाले, तर भजनावर न थांबतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. विषण्णतेवर औषधें आहेत. तीं कोणतीं व किती द्यावीं हें मूत्रपिंडाची स्थिति पाहूनच ठरवितात.

यंत्र रक्त शुद्ध करतें; रुग्णाची ओळख राखणें मात्र माणसांकडेच उरतें. परचुरे कुटींत आज कोणी राहत नाहीं, पण जें तेथें घडलें तें कोणत्याही घरांत, एका खाटेपाशीं घडूं शकतें.