पानथरी न काढता उपचार



चुडावा स्टेशनावर नांदेडच्या गाडीची वाट पाहताना ती माऊली मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ताई, लेकराचं पोट फाडतील का हो?" मुलगा 14 वर्षांचा, आंध समाजातला. आईबाप ऊसतोडीला आलेले. त्याच्या नाकातून वारंवार रक्त येई आणि डाव्या बरगडीखाली टणक गोळा हाताला लागे. प्लेटलेट्स होत्या अवघ्या 30 हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

पानथरी म्हणजे प्लीहा. मोठ्या माणसात ती साधारण मुठीएवढी, सुमारे 150 ग्रॅमची असते. म्हाताऱ्या झालेल्या रक्तपेशी ती गाळून काढते आणि रोगजंतूंशी लढते. यकृताकडे रक्त नेणारी शीर तुंबली किंवा यकृत कठीण झाले, की रक्त मागे साचून पानथरी फुगते. फुगलेली पानथरी मग चांगल्या पेशीही अडकवून ठेवते. या मुलाची शीरच बंद झालेली होती.

पानथरी काढून टाकणे हा एक मार्ग आहे. पण मग गंभीर जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. दुसरा मार्ग म्हणजे तिच्या काही भागाचा रक्तपुरवठा बंद करणे. जांघेत किंवा मनगटाजवळ तेवढीच जागा बधिर करून धमनीत बारीक नळी घालतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती पानथरीच्या धमनीपर्यंत नेतात आणि बारीक कण सोडून काही फांद्या बंद करतात. तेवढा भाग सुकतो, उरलेला काम करत राहतो. 1970 च्या दशकात सुरुवातीला संपूर्ण पानथरीचे रक्त तोडले जाई. त्यात पू होऊन जिवावर बेते. 1979 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी थोडाच भाग बंद करण्याची पद्धत मांडली. आज साधारण 50 ते 70 टक्के भाग बंद करतात. अपघातात पानथरी फाटून रक्तस्राव झाला, तर योग्य रुग्णात मुख्य धमनीत धातूची गुंडाळी बसवूनही तो थांबवता येतो.

डॉक्टरांनी आधी न्यूमोनिया व मेंदूज्वरापासून बचाव करणाऱ्या लसी दिल्या. अशा लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्यात. उपचारानंतर तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आला, पोट दुखू लागले. नातलग म्हणाले, "बिघडलं सगळं." पण काही दिवस ताप आणि दुखणे येणे अपेक्षितच असते, हे आईला आधी सांगून ठेवले होते, म्हणून तिने लेकराला मध्येच घरी नेले नाही. मात्र ताप वाढत गेला, थंडी वाजली किंवा दम लागला, तर तो पू किंवा छातीत पाणी झाल्याचा इशारा असू शकतो. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा.

सिकलसेलच्या लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची पानथरी अचानक रक्ताने भरून फुगू शकते. मूल पांढरे पडते, गळून जाते. तिथे नळीच्या उपचाराची वाट पाहायची नसते. तातडीने दवाखाना आणि रक्त लागते. सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईने डॉक्टरांकडून पानथरी चाचपायला शिकून घ्यावे. देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आहे. आपल्या वस्त्यांतील प्रत्येक मुलाची तपासणी व्हावी.

आमच्या मुलाच्या प्लेटलेट्स एक लाखावर गेल्या, नाकाचे रक्त थांबले. पण तुंबलेली शीर तशीच आहे. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी त्याला दुर्बिणीच्या तपासणीला जावेच लागते. ऊसतोडीच्या हंगामात ही तारीख चुकू नये, ही आमची खरी काळजी. आपल्या देणगीतून गाडीभाडे आणि आईची बुडालेली मजुरी भागते. पुढच्या तारखेसाठीही प्रार्थनेत त्याची आठवण ठेवा.