वणव्याचा धूर ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो तेव्हा

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेले छिद्र जगापुढे आले. दोनच वर्षांत मॉन्ट्रियल करार झाला, क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी वायूंचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले आणि थर हळूहळू भरून येऊ लागला. माणसाने वेळीच शहाणपण दाखवल्याचे हे फार मोठे उदाहरण आहे. मात्र ही जखम अजून ओली आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांनी दाखवून दिले.

धूर इतका उंच चढतो कसा?

एरवी वणव्याचा धूर जमिनीलगतच्या तपांबरात राहतो आणि पावसाबरोबर खाली येतो. आग प्रचंड असेल तर तापलेली हवा वेगाने वर उसळते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात आणि आगीच्याच डोक्यावर गडगडाटी वादळ उभे राहते. या ढगांना पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. त्यांच्यातून धूर थेट तपांबराच्या वरच्या स्थितांबरात शिरतो.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२० च्या सुरुवातीला न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांवर असे ढग एकामागून एक उठले. त्यांनी स्थितांबरात नेलेल्या धुराचे अंदाज १० लाख टनांपर्यंत जातात. पुढचा प्रवास काजळीने घडवला. ती ऊन शोषते, भोवतालची हवा तापते आणि धूर आणखी वर सरकतो. सुमारे १,००० किलोमीटर रुंदीचा एक लोट गरगरत ३५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. ओझोनचा मोठा साठा साधारण १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. तिथे धूर धुऊन काढायला पाऊस नसतो, त्यामुळे कण महिनोन्महिने टिकतात.

क्लोरीन आधीपासूनच तिथे आहे

ओझोनचा नाश करणारा क्लोरीन धुराबरोबर येत नाही. तो मुख्यतः आपल्या जुन्या फ्रीज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांतून निसटलेल्या सीएफसींचा आहे. हे वायू वातावरणात अनेक दशके टिकतात. उंचावर अतिनील किरणांनी ते फुटतात आणि क्लोरीन सुटतो. त्याचा एक अणू हजारो ओझोन रेणू मोडू शकतो.

सुदैवाने यातला बराचसा क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या संयुगांत अडकून पडतो. या रूपात तो ओझोनला हात लावत नाही. त्याला मोकळे करायला एखादा पृष्ठभाग लागतो. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उंचावर ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर ही संयुगे एकमेकांशी अभिक्रिया करतात. हा खुलासा मांडणाऱ्यांत शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन अग्रणी होत्या. १९८६ मध्ये त्या अंटार्क्टिकावरील मोहिमेचे नेतृत्व करत होत्या.

धुराच्या कणांवर काय घडते?

ऑस्ट्रेलियाच्या धुराचा उलगडा करण्यातही सॉलोमन यांच्या अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातल्या गटाचा मोठा वाटा आहे. स्थितांबरात नेहमी असणाऱ्या सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांत हायड्रोजन क्लोराइड फारसे विरघळत नाही. त्यासाठी कडाक्याची थंडी लागते. जळलेल्या लाकडाच्या धुरात मात्र सेंद्रिय आम्ले असतात आणि त्यांत ते सहज विरघळते. मग क्लोरीन नायट्रेटशी अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो आणि उन्हात त्याचे अणू वेगळे होतात. म्हणजे जी अभिक्रिया ध्रुवावरच्या थंडीपुरती मर्यादित होती, ती त्याहून उबदार मध्य अक्षांशांवरही सुरू होते.

धूर दुसऱ्या वाटेनेही घात करतो. त्याच्या कणांवर नायट्रोजनची काही ऑक्साइडे नायट्रिक आम्लात बदलतात. क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारा नायट्रोजन डायऑक्साइड त्यामुळे कमी पडतो.

नुकसान किती झाले?

२०२० मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर हायड्रोजन क्लोराइड घटल्याचे आणि सक्रिय क्लोरीन वाढल्याचे उपग्रहांनी टिपले. सॉलोमन यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार या धुरामुळे तिथल्या एकूण ओझोनमध्ये ३ ते ५ टक्के घट झाली. अंटार्क्टिकावरचे छिद्र सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरने रुंदावले, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ पाऊणपट.

ही घट कायमची नाही. कण खाली बसले की क्लोरीन पुन्हा संयुगांत अडकतो. पण असे वणवे वारंवार लागले तर थराला सावरायला उसंत मिळणार नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या २०१७ च्या वणव्यांचा धूरही स्थितांबरात महिनोन्महिने टिकला होता.

आता करायचे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने झालेल्या मूल्यमापनानुसार, आजची धोरणे टिकली तर जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. तोवर उरलेला क्लोरीन वर असणारच आणि पृथ्वी तापेल तसे जंगल कोरडे पडून मोठ्या वणव्यांचा धोका वाढणार.

म्हणून मॉन्ट्रियल कराराची कडक अंमलबजावणी आणि जीवाश्म इंधनांत कपात ही दोन्ही कामे ओझोनच्या रक्षणाचीच आहेत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने याच कराराखाली तापमानवाढ करणाऱ्या हायड्रोफ्लुरोकार्बन म्हणजे एचएफसी वायूंवरही बंधने आणली आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आकाशातला क्लोरीन आपल्याला परत खाली आणता येत नाही. त्याला मोकळे करणारा धूर कमी करणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.