भोजल्याची झलकारी

झलकारीबाई ही झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेतील वीरांगना. झाशीजवळच्या भोजला गावी एका कोरी कुटुंबात २२ नोव्हेंबर १८३० रोजी तिचा जन्म झाला, असे मानले जाते. कोरी हा बुंदेलखंडातला विणकर समाज. त्याने विणलेले कापड सगळा गाव नेसत असे, पण विणणाऱ्याला अस्पृश्य ठरवून वेशीबाहेर ठेवले जाई. अशा घरातल्या मुलीच्या हाती तलवार येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

लोकपरंपरेत तिच्या वडिलांचे नाव सदोवरसिंह आणि आईचे जमुनादेवी असे सांगतात. आई लवकर गेली आणि वडिलांनी लेकीला मुलासारखे वाढवले. शाळेचे दार तिला बंद होते. घोड्यावर मांड ठोकणे आणि शस्त्र चालवणे ती वडिलांकडूनच शिकली. बुंदेलखंडात घरोघरी सांगितली जाणारी तिची पहिली गोष्ट जंगलातली आहे. सरपण आणायला गेलेल्या झलकारीवर वाघाने झेप घेतली आणि तिने हातातल्या कुऱ्हाडीने त्याला लोळवले. गोष्ट लोककथेची असली, तरी त्यातली कुऱ्हाड खऱ्या आयुष्यातली आहे. कष्टकरी घरातल्या मुलीच्या हाताला शस्त्राआधी अवजाराची सवय होते.

पुढे तिचे लग्न झाशीच्या सैन्यातील पूरन कोरी याच्याशी झाले. झाशीचे राज्यकर्ते नेवाळकर हे मराठी घराणे असल्याने मराठी सणवारही तिथे रुजले होते. गौरीपूजेच्या निमित्ताने इतर बायकांबरोबर झलकारी किल्ल्यात गेली, तेव्हा तिचा चेहरा आपल्याशी किती मिळताजुळता आहे हे पाहून राणी थक्क झाल्या, अशी कथा आहे. राणींनी तिला स्त्रियांच्या पथकात घेतले. या पथकाला दुर्गादल म्हणतात. तिथे तिने बंदूक आणि तोफ चालवण्याचे शिक्षण घेतले.

१८५७ च्या उठावाच्या काळात, मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनानी सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा दिला. राणींच्या मदतीला आलेले उठावाचे सेनानी तात्या टोपे यांचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज तटावर चढले आणि त्यानंतर राणी रातोरात किल्ल्याबाहेर पडल्या. वेढ्याच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. शहरातली लूट आणि कत्तल त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली आहे; चिंतामण विनायक वैद्यांनी संपादित केलेले हे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले.

परंपरेनुसार झलकारीचा मोठा पराक्रम याच वेळचा. राणींचा वेश करून ती घोड्यावरून थेट इंग्रजांच्या छावणीकडे गेली. शत्रू तिलाच राणी समजून गुंतून राहिला आणि खऱ्या राणींना दूर निघून जायला वेळ मिळाला. तिच्या शेवटाविषयी मात्र दोन परंपरा आहेत. एकीनुसार तिला रणात मरण आले, तर दुसरीनुसार सुटका होऊन ती पुढे अनेक वर्षे जगली.

वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या ‘झाँसी की रानी’ या हिंदी कादंबरीतून ही कथा छापील साहित्यात ठसली. त्याआधी आणि नंतरही तिला जिवंत ठेवले ते कोरी समाजाच्या आठवणींनी. विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतातील दलित चळवळीने तिला आपल्या स्वाभिमानाचे प्रतीक मानले. मोहनदास नैमिशराय यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली आणि २००१ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले.

मुलांसाठी ही कथा लिहिताना दोन पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. पहिले म्हणजे इतिहास आणि लोकस्मृती यांतला फरक राखणे. वेढा, त्याच्या तारखा आणि शहराची वाताहत हा लेखी इतिहास आहे. वाघाची झुंज आणि वेशांतर या गोष्टी लोकस्मृतीतल्या आहेत. हा फरक मुलांना सरळ सांगता येतो आणि त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. झलकारी ही राणीची केवळ सावली नव्हे. चेहऱ्याचे साम्य तिला जन्मजात मिळाले; घोडा, तलवार आणि तोफ मात्र तिने शिकून मिळवली. त्या साम्याचा रणात उपयोग झाला तो या शिकण्यामुळेच.