सदाफुलीचा पाला आणि कर्करोगाचें औषध

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत अंगणांत, विहिरीच्या काठीं, किंबहुना मुरमाड पडीक जागेंतही सदाफुली आढळते. तिला पाणी फारसें लागत नाहीं व जनावरें तिला तोंड लावीत नाहींत. या झुडपापासून कर्करोगावर औषध निघतें ही वार्ता आतां पुष्कळ शेतकरीबंधूंच्या कानीं गेली आहे, आणि ती खरी आहे. परंतु तीवरून, मग तिचा पाला घरींच वाटून प्यावयास काय हरकत आहे, असा जो समज कोठें कोठें ऐकूं येतो, तो जिवावर बेतणारा आहे. सबब ही हकीकत थोड्या विस्तारानें देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतील. निरनिराळ्या देशांच्या घरगुती वैद्यकांत ती मधुमेहावर देत आले, आपल्याकडेही देतात. १९५२ सालीं जमैका बेटांतून तिचीं पानें कॅनडांत पोहोंचलीं तीं याच गुणाच्या परीक्षेसाठीं. तेथील संशोधक रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं त्यांचा अर्क उंदरांस दिला. साखर कांहीं उतरली नाहीं. उलट रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या. रक्ताच्या कर्करोगांत पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, हें ध्यानीं घेऊन त्यांनीं शोध पुढें चालविला व १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य वेगळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें अमेरिकेंतील एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेंत याच झाडांत व्हिन्क्रिस्टिन सांपडलें. १९६३ सालीं तें तेथें औषध म्हणून मान्य झालें. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत पूर्वीं मूल हातीं लागण्याची आशाच नसे. आतां चांगल्या रुग्णालयांत वेळेवर नेलेलीं बहुतेक मुलें वांचतात. हें श्रेय कित्येक औषधांचें मिळून आहे, पण त्यांत सदाफुलीचा वाटा मोठा आहे.

पेशी दुभंगतांना तिच्यांत सूक्ष्म तंतू तयार होऊन ते दोन्ही अर्ध्यांची वांटणी करितात. हीं द्रव्यें ते तंतूच तयार होऊं देत नाहींत. पेशी ऐन वेळीं अडकते व मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असल्यानें मार त्यांना अधिक बसतो. परंतु रक्त उत्पन्न करणारी मज्जा, केसांचीं मुळें व मज्जातंतू यांनाही तो थोडाफार बसतोच.

आमचें आयुष्य महसुलाचे आंकडे ताडून पाहण्यांत गेलें. त्यामुळें गुणापेक्षां मापाकडे आमचें लक्ष आधीं जातें. मोठ्या माणसास व्हिन्क्रिस्टिन एका वेळीं सहसा २ मिलिग्रॅमहून अधिक देत नाहींत. मालदांडी ज्वारीचा दाणा सुमारें ३० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढी ही मात्रा. ती शिरेंतूनच द्यावी लागते. शिरेबाहेर सांडली तर मांस जळतें, आणि चुकून पाठीच्या कण्यांतील पाण्यांत गेली तर मरण ठेवलेलें. उलट, असें एक ग्रॅम द्रव्य काढावयास वाळलेला पाला कित्येक क्विंटल लागतो. मूठभर पाल्यांत औषध किती उतरलें हें कोण मोजणार? शिवाय त्याच पाल्यांत शंभरांहून अधिक इतर अल्कलॉइड द्रव्यें आहेत. रोग हटण्याइतकें औषध पोटांत जात नाहीं. वांती व अपाय मात्र होऊं शकतो, आणि मोलाचे महिने निघून जातात ते वेगळेच.

सह्याद्रीच्या जंगलांतील नरक्याची हकीकतही याच गोष्टीची साक्ष देते. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी यांनीं अमेरिकेंत मन्रो वॉल यांच्यासह १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन काढलें. तेंच द्रव्य नरक्यांत असल्याचें मुंबईच्या गोरेगांवांतील सिबा संशोधन केंद्रांत गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं १९७२ सालीं दाखविलें. परंतु तें मूळ द्रव्य रोग्यांस देतांच मूत्राशयांतून रक्त जाऊं लागलें, व प्रयोग थांबवावे लागले. त्याच्या रचनेंत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन हीं औषधें तयार झालीं. अमेरिकेंत त्यांस मान्यता मिळावयास १९९६ साल उजाडलें. इकडे घाटांत नरक्याची चोरटी तोड होऊन झाड दुर्मिळ झालें. त्याचा पैसा कोणाच्या पदरांत पडला हें सांगावयास नको.

हळदीविषयीं दोनच शब्द. १९९७ सालीं अमेरिकेंत हळदीचें जें पेटंट रद्द झालें तें जखमेवरील उपयोगाचें होतें, कर्करोगाचें नव्हे. हळदींतील कर्क्युमिन पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. स्वयंपाकांत हळद अवश्य असावी, पण तिनें कर्करोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

सदाफुलीची लागवड करावी काय, असें कोणी विचारील. तामिळनाडूंत शेतकरी ती पाला व मुळ्यांसाठीं करितात, आणि आपल्या हलक्या जमिनींत ती येईल यांत शंका नाहीं. तथापि ज्वारी-तुरीप्रमाणें तिचा भाव उघड्या बाजारांत पुकारला जात नाहीं. खरेदीदाराचा लेखी करार हातीं आल्याखेरीज एक गुंठाही गुंतवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रोग्यासाठीं मात्र दूर जावयास नको. बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. तेथेंच १९८७ सालीं टाटा रुग्णालयाच्या सहकार्यानें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ गांवें तींत घेतलीं. नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन लक्षणें समजावूं लागले, तेव्हां गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां आधींच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. तोंडांतील चट्टा वा व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, स्तनांत गांठ लागली, अथवा पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर सुगीची वाट न पाहतां दाखवावें. आणि घरीं वैद्याचा काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तें लपवूं नये. कित्येक वनस्पतींनीं रुग्णालयांतील औषधांचा परिणाम कमीजास्त होतो. पुडी बरोबर न्यावी व डॉक्टरसाहेबांपुढें ठेवावी.